खिशातला काळा पदार्थ

माझ्या भावाच्या आवाजाविषयी जे छापून आलं, त्यातलं बरंचसं चुकीचं आहे. एका मासिकाने लिहिलं की मराठवाड्याच्या दुष्काळाने त्याला तो आवाज दिला. दुष्काळामुळे कुणाला आवाज लाभल्याचं उदाहरण माझ्या माहितीत नाही. महांतेशच्या बोलण्याचा वेग माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तयार झाला. तिथे आमच्या वडिलांचं आडतीचं दुकान आहे. शेतमालाच्या एकेका ढिगाची हर्राशी, म्हणजे लिलाव, आप्पा पुकारत. व्यापारी भोवती कोंडाळं करून बोली वाढवत, आणि शेवटची बोली सुटेपर्यंत आप्पांचा स्वर तुटत नसे. स्वर तुटला की बोली थंडावते, असं ते म्हणत. शाळेला सुट्टी असली की महांतेश त्यांच्या मागे फिरत तेच पुटपुटायचा. श्वास कुठे चोरायचा हे त्याला मिसरूड फुटण्याच्या बरंच आधी समजलेलं होतं. पुढे एका डॉक्टरने कुतूहलापोटी त्याच्या फुप्फुसांची क्षमता मोजली. ती सर्वसाधारण निघाली.

मी त्याची थोरली बहीण, ईश्वरी. बीडला एका शिकवणी वर्गात रसायनशास्त्र शिकवते.

रॅपर म्हणून त्याने घेतलेल्या नावाविषयीही बरंच लिहिलं गेलं. ‘बारदाना’ हे नाव म्हणजे शोषितांचं प्रतीक आहे, असं एका समीक्षकाने म्हटलं. अभियांत्रिकीचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून तो घरी परतला, तेव्हा त्याचा मित्र तानाजी याच्याकडे एक जुना लॅपटॉप होता. तानाजी ऊसवाल्या घरातला, पण त्याला उसापेक्षा ढोलकीच्या ठेक्यात रस. दोघांनी पहिलं गाणं आप्पांच्या गोदामात रेकॉर्ड केलं. पत्र्याच्या गोदामात आवाज घुमतो, म्हणून त्यांनी चारी बाजूंनी रिकामी पोती टांगली. ताग उच्च कंप्रतेचा ध्वनी बऱ्यापैकी शोषतो. स्टुडिओत भिंतींना महागडे फोम लावतात, ते याच कामासाठी. रिकाम्या पोत्यांना मोंढ्यात बारदाना म्हणतात. नावाची व्युत्पत्ती एवढीच आहे.

त्या गाण्यातल्या दोन ओळी सगळ्यांना पाठ झाल्या:

पोत्याला भाव हाय, पोतं उचलणाऱ्याला न्हाई,
माल गेला, दाम गेला, बारदाना हितंच ऱ्हाई.

पावसाळ्यात आलेलं हे गाणं दिवाळीपर्यंत लग्नांच्या वरातीत, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांवर आणि माझ्या वर्गातल्या मुलांच्या फोनमध्ये पोहोचलं. नंतर मुंबईची कंपनी आली, सिनेमातलं एक गाणं आलं, बुटांची जाहिरात आली. दुबईच्या कार्यक्रमानंतर त्याने मला फोन केला.

“अक्का, हितली लोकं बी माझ्याबरुबर बोलायलीत.”

“त्यांना मराठी येतं?”

“एक शब्द येईना.”

“मग काय बोलतात?”

“बारदाना.”

तो बराच वेळ हसत होता. मीही हसले असावे.

इथे एक गोष्ट सांगणं आवश्यक आहे. आम्ही लिंगायत. आमच्यात मूल जन्मल्यावर त्याला इष्टलिंग देतात. आत छोटा दगड, त्यावर राळ, राख, काजळ आणि बिब्ब्याचं तेल यांचा काळा गुळगुळीत थर. आकार साधारण सुपारीएवढा. ते कापडात किंवा चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधायचं, कपड्यांच्या आत. पूजेच्या वेळी ते स्वतःच्या डाव्या तळहातावर घ्यायचं आणि दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही. माणूस गेला की त्याला बसवून पुरतात आणि ते त्याच्या तळहातावर ठेवतात. ज्याचं त्याचं लिंग ज्याच्या त्याच्याबरोबर जातं. मी माझं एम.एस्सी.ला असताना काढून आईला दिलं. तिने ते कपाटात ठेवलं. महांतेशने आपलं काढलं नाही. उलट त्याने चांदीची डबी शर्टाच्या बाहेर आणली, जाड साखळीत घातली आणि तीच त्याची ओळख झाली. परळीच्या बाजारात तिच्या निकेलच्या नकला मिळू लागल्या. कोणत्याही धर्माची, जातीची मुलं त्या घालून हिंडत.

बीडच्या मैदानावर त्याचा मोठा कार्यक्रम झाला, तेव्हा आई-आप्पांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. गाणं ऐन रंगात आलं असताना त्याने साखळी गळ्यातून काढली आणि डबी डोक्यावर गरगर फिरवली. लोक वेडे झाले. आप्पा उठले, गर्दीतून वाट काढत बसस्थानकावर गेले आणि मिळेल त्या गाडीने माजलगावला परतले. दुसऱ्या दिवशी महांतेशने फोन केला, तेव्हा ते एकच वाक्य बोलले: “लिंग गोफणीसारखं फिरवतूस बे?” त्यानंतर ते त्याच्याशी बोलले नाहीत. तो फोन करायचा, आई उचलायची, आप्पा दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसायचे. असं चार वर्षं चाललं.

गेल्या मार्गशीर्षात एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात तो सकाळी उठला नाही. हृदयाच्या स्नायूची भिंत जन्मतः जाड होती, असं शवविच्छेदनात आढळलं. हा दोष बाहेरून दिसत नाही. सख्ख्या भावंडांनी तपासणी करून घ्यावी, असा सल्ला डॉक्टरांनी दिला. मी ती नंतर करून घेतली. माझं हृदय सामान्य आहे.

परंतु शवविच्छेदनाचा निष्कर्ष कुणी ऐकण्याआधीच दूरचित्रवाणीवर दुसरी बातमी सुरू झालेली होती. ‘रॅपर बारदानाच्या खिशात संशयास्पद काळा पदार्थ. प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह.’ बातमीखाली त्याचा डबी फिरवतानाचा जुना फोटो होता.

आप्पांनी ती बातमी दुकानात पाहिली. टीव्ही बंद केला नाही. व्यापारी येऊन बसत होते, बोलत नव्हते, जात होते.

शव आमच्या मूळ गावी, धर्मापुरीला आणायचं ठरलं. आमची समाधीची जागा तिथे आहे. मी बीडहून निघाले तेव्हा मला काहीही वाटत नव्हतं. हे मी निरीक्षण म्हणून नोंदवते. गाडीत मी शेजारच्या बाईला खिडकी कशी उघडते ते दाखवलं. परळीला उतरून चहा घेतला. चहात साखर जास्त होती.

धर्मापुरीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुलं उभी होती. बहुतेकांच्या छातीवर निकेलच्या डब्या. कुणी फोन उंच धरला होता, कुणी रडत होतं, काही जण दोन्ही करत होते. घरात महांतेशला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळावर भस्माचे पट्टे ओढले होते. मठातून स्वामी आले होते. आप्पा मागच्या अंगणात दगडावर बसून होते. त्यांनी अजून त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

तळहातावर ठेवायचं लिंग काढण्यासाठी आईने त्याच्या गळ्यातली डबी उघडली. आत स्पंजाचा तुकडा होता. तो काढला. खाली काही नव्हतं.

आईने डबी उलटी करून पाहिली. मग स्पंज पिळून पाहिला. तानाजी शवाबरोबर रुग्णवाहिकेतून आला होता; डबी त्यानेच परत गळ्यात घातली होती. तो दारात उभा होता.

“तानाजी, ह्यातलं कुठाय?” आईने विचारलं.

“मावशी, ह्यात कधीच काय नव्हतं.” तो खाली बघत बोलला. “ह्या डब्या कंपनीनं करून घेतल्यात. अशा लई हायेत. नाचताना वाजायची म्हणून स्पंज घातला.”

“आन् त्येचं?”

“मला ठाऊक न्हाई, मावशी.”

मी त्याला बाजूला घेतलं. “खिशात काय होतं, तू पाहिलंस?”

“न्हाई, अक्का. पण खिशात कायतरी असायचं हे खरं हाय. स्टेजवर जायच्या आधी हात घालायचा खिशात. दर वेळी. मी म्हणायचो, गुटख्याची पुडी सोड बे आता. तर हसायचा.”

“तो गुटखा खायचा?”

तानाजीने जरा विचार केला. “खाताना बघितला न्हाई कधी.”

त्याच्या फोनवर त्या शहरातल्या पोलीस ठाण्याच्या निरीक्षकाचा नंबर होता. मी फोन लावला. निरीक्षक सभ्य होते. वस्तूचं वर्णन मी विचारलं आणि त्यांनी दिलं: काळी, गुळगुळीत, लांबट गोल, सुती कापडात गुंडाळलेली, पँटच्या उजव्या खिशात.

“वास?” मी विचारलं.

“राळेसारखा. मॅडम, चरस असाच असतो. आमच्याकडचं किट वापरलं. लाल रंग आला. फार गडद नाही, पण आला.”

“ती आमच्या धर्मातली पूजेची वस्तू असू शकते. तिच्या आत दगड असतो. फोडून पाहिलीत?”

“सील झालंय, मॅडम. प्रयोगशाळेत गेलंय. आता मी हात लावू शकत नाही.” मग जरा थांबून ते म्हणाले, “पूजेची वस्तू पँटच्या खिशात ठेवतात का?”

मी प्रयोगशाळेचं नाव लिहून घेतलं.

फोन ठेवल्यावर मी मिळालेली माहिती मनात मांडली. अशा किटांमधलं अभिकारक फिनॉल वर्गातल्या संयुगांबरोबर लाल रंग देतं. चरसात अशी संयुगं असतात. बिब्ब्याच्या तेलातही असतात. अंगावर बिब्बा उतून फोड येतात ते त्यांच्यामुळेच. म्हणजे खिशातली वस्तू इष्टलिंग असली तरी लाल रंग येऊ शकतो. आणि चरस असली तरी येतो. डबी रिकामी होती, याचे दोन अर्थ निघतात: त्याने दाखवायला खोटं ठेवलं आणि खरं लपवून जवळ बाळगलं, किंवा त्याने खरं कधीच टाकून दिलं. हाती असलेला पुरावा दोन्हींना सारखाच लागू पडत होता. माझ्या भावाबद्दल मला काय वाटतं, हा पुरावा नव्हता.

आईला मी हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“माझं दे त्याला,” मी म्हणाले. “कपाटात आहे ना?”

“ज्येचं त्येलाच.” ती म्हणाली. “तुझं तू मेल्यावर बघू.”

बाहेरून स्वामींनी विचारलं, निघायचं का, दिवस कलायला लागलाय. खड्ड्यात उतरून समाधीत बसवायला घरचा माणूस लागतो. बाप असेल तर बाप. आईने माझा दंड धरला.

“तुझ्या बापाला उठव. त्येनं हात न्हाई लावला तर पोरगं परक्याच्या हातानं जाईल. माझ्या बोलण्यानं उठायचे न्हाईत ते. म्हणतील, आई हाय, बोलणारच. तू बोल. तू कधी खोटं बोलली न्हाईस, ते ठाऊक हाय त्येंना.”

“मला खात्री नाही, आई.”

“मी कुठं विचारायली खात्री हाय का?”

मागच्या अंगणात आप्पा होते तसेच बसलेले होते. धोतराच्या सोग्याला गवताची कुसळं लागलेली. ते एकेक काढून बाजूला ठेवत होते.

“आप्पा, निघायचंय.”

“तुमी जा.”

“डबी रिकामी होती. तुमच्यासमोर त्याने फिरवली, तेव्हाही त्यात काही नव्हतं.”

त्यांनी वर पाहिलं. “आजून बेस झालं. म्हंजी लिंग टाकून दिलं आन् खिशात दुसरं भरलं.”

“खिशातलं तेच लिंग असण्याची शक्यता आहे.” मी अभिकारक समजावून सांगितलं, फिनॉल, बिब्बा, रंग. आवाज वर्गात असतो तसाच होता. ते कुसळं काढत राहिले.

“म्हंजी काय? हुतं का न्हवतं?”

“असण्याची शक्यता आहे.”

“किती?”

“आकडा सांगता येणार नाही, आप्पा. अहवाल आल्याशिवाय—”

“मी जलमभर हर्राशी केली, ईश्वरी.” ते शांतपणे बोलले. “ढिगाशी हुबा ऱ्हाऊन कुणी म्हणत न्हाई, बहुतेक चार हजार. म्हणलं तर त्येला लोकं हाकलून देत्यात. बोली लावायची तर लाव. न्हाई तर बाजूला हो, दुसऱ्याला जागा दे.”

रस्त्यावरची मुलं एका सुरात त्या दोन ओळी म्हणायला लागली होती. स्वामींनी त्यांना गप्प केलं नाही.

विज्ञानात एक साधा नियम आहे. पुरावा ज्या मर्यादेपर्यंत नेतो, तिथपर्यंतच जायचं. मी तो नियम विद्यार्थ्यांना शिकवते आणि स्वतः पाळते. तो मोडताना काहीतरी जाणवेल, अशी माझी अपेक्षा होती. काही जाणवलं नाही.

“लिंगच होतं,” मी म्हणाले.

“पक्कं?”

“पक्कं.”

“उद्या कागूद आला आन् दुसरंच निघालं तर?”

“निघणार नाही.”

ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मोंढ्यात ते व्यापाऱ्याकडे असंच बघत, बोली सोडण्याआधी. मग दगडाला हात टेकून उठले.

आत येऊन त्यांनी महांतेशच्या गळ्यातली साखळी काढली आणि तानाजीच्या हातात दिली. “ही तुमच्या कंपनीची. घिऊन जा.” मग त्याच्या शेजारी बसले आणि ओल्या पंच्याने त्याचे कान पुसले. तेवढंच पुसायचं राहिलं होतं.

समाधीच्या खड्ड्यात ते स्वतः उतरले. चुलतभावांनी महांतेशला वरून सोडलं, आप्पांनी खालून घेतलं आणि कोनाड्यात मांडी घालून बसवलं. मान डावीकडे झुकत होती. त्यांनी मागे मातीचं ढेकूळ लावलं. स्वामींनी वरून आप्पांना विचारलं, “गुरुलिंगप्पा, इष्टलिंग?”

“सरकारात अडकलंय, स्वामी. लिंग हाय त्येचं. त्येच्यापाशीच हुतं, मरंस्तवर. पोलिसांना कळलं न्हाई काय हाय ते. ईश्वरीनं सांगितलंय.”

स्वामींनी माझ्याकडे पाहिलं. मठात मी कधी जात नाही, हे त्यांना माहीत होतं. मी मान हलवली.

“असं आपल्या गावात पूर्वी झालेलं न्हाई,” स्वामी म्हणाले. “भस्म ठिवा. गुरूचं नाव घिऊन ठिवा.”

आप्पांनी भस्माच्या वडीत पाणी घालून गोळा वळला. तो सारखा फुटत होता; पाणी जास्त झालं होतं. त्यांनी कोरडं भस्म मिसळलं, पुन्हा वळला आणि महांतेशच्या डाव्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटायला घेतली. बोटं मिटत नव्हती. त्यांनी ती बराच वेळ धरून ठेवली. वर येताना त्यांना दोघांनी ओढून घ्यावं लागलं.

मग बेलाची पानं, मीठ, माती. मुलं फोन उंच धरून उभी होती. एकाने आपली डबी काढून खड्ड्यात टाकली. ते पाहून दुसरे टाकायला लागले. चुलतभावांनी त्यांना अडवलं नाही. निकेल मातीत हळूहळू गंजतं, एवढंच त्या वेळी माझ्या मनात आलं.

त्यानंतर मी बीडला परतले आणि शिकवायला लागले. परीक्षा तोंडावर होत्या. त्या काळात एकच गोष्ट मला नियमितपणे होत असे: फोन वाजला आणि त्या शहराचा नंबर दिसला की तळहात गार पडत. याला शरीरशास्त्रीय कारण आहे. ‘पक्कं’ हा शब्द मी पुराव्याशिवाय उच्चारला होता, आणि त्या शब्दावर एक माणूस खड्ड्यात उतरला होता. अहवाल उलटा आला, तर आप्पांच्या हातून मुलगा दुसऱ्यांदा जाणार होता, आणि या वेळी माझ्या सांगण्यावरून.

आई आठवड्यातून एकदा फोन करे. आप्पा आता महांतेशची गाणी ऐकतात, असं तिने सांगितलं. तानाजी येऊन ती त्यांच्या मोबाइलमध्ये भरून गेला होता. “मधी मधी थांबवत्यात आन् म्हणत्यात, हितं श्वास चुकला बघ गाढवाचा.”

फाल्गुनात निरीक्षकांचा फोन आला. मी वर्गाबाहेर जाऊन घेतला.

“मॅडम, तुमचं बरोबर होतं. अंमली पदार्थ नाही. आत दगड निघाला. वर राळ, कार्बन, कसलं तरी वनस्पतीचं तेल. फाईल बंद करतोय.”

“वस्तू परत मिळेल?”

“दगड मिळेल. वरचं सगळं चाचणीत गेलं. अर्ज करा, थोडा वेळ लागेल.” मग ते म्हणाले, “माझी आई त्यांची गाणी ऐकायची. नाव ऐकून हसायची.”

मी आभार मानले. बातमी कोणत्या वाहिनीवर दिसते का, हे संध्याकाळपर्यंत पाहिलं. दिसली नाही. वास्तविक हा निकाल ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वस्तू लिंग होती, हे सिद्ध झालं. पण अंगणात मी ‘पक्कं’ म्हणाले, तेव्हा मला ते माहीत नव्हतं, आणि निकालाने ती गोष्ट बदलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात फोन केला. आप्पांनी उचलला. पाठीमागे मोंढ्याचा गलका होता.

“आप्पा, अहवाल आला. लिंगच होतं.”

गलक्यात कुणीतरी भाव ओरडलं. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

“आप्पा?”

“ऐकलं. पण ते तू तवाच सांगितलंतंस की.” त्यांच्या आवाजात नुसतं आश्चर्य होतं. “आता परत कावून सांगायलीस?”

मी खडू दुसऱ्या हातात घेतला.

“हरभऱ्याचा ढीग लागलाय,” ते म्हणाले. “ठिवतो.”

त्यांनी फोन नीट ठेवला नव्हता. हर्राशी सुरू झाल्याचं मला ऐकू येत होतं. त्यांचा स्वर पहिल्यासारखा राहिलेला नाही. दोन बोलींच्या मध्ये तुटतो. भाव बराच खाली सुटला. मग कुणीतरी फोन जागेवर ठेवला, आणि मी वर्गात गेले.